वामनरावांच्या नावाची बिलं

१२ ऑक्टोबर १९८७

कॉम्प्युटर आला! नागपूरहून, कोंबड्यांच्या खाद्याच्या ट्रकमधून, दोन गाद्यांमध्ये गुंडाळून. लटारूभाऊ मागे बसून त्याला धरून आले. उतरले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. म्हणाले, "बाई, सोताच्या लेकराले एवढं जपून आनलं नाई कधी."

जुनाच आहे, पण चालतो. जटपुरा गेटजवळ सायकलवाल्याच्या दुकानावरची खोली घेतली आहे. खाली दिवसभर ट्यूबमध्ये हवा भरतात, वर आमची कंपनी. कंपनी म्हणजे मी आणि लटारूभाऊ. मी प्रोग्राम लिहायचा, त्यांनी दुकानदारांना विकायचा. दहा वर्षं ते बियाणं आणि फवारणीची औषधं विकत मोटारसायकलवर मूलपासून सिरोंच्यापर्यंत फिरलेत. ज्याच्या घरी जेवले नाहीत असा दुकानदार सापडणं कठीण. माझ्याकडे बी.एस्सी. आणि नागपूरचा एक वर्षाचा कोर्स. बाकी सगळं बँकेचं.

सुरू करायला बसलो आणि लाईट गेली. ऊर्जानगरात आमच्या क्वार्टरच्या खिडकीतून पॉवर स्टेशनच्या चिमण्या दिसतात. इथून कुठे कुठे वीज जाते, आणि चंद्रपुरात एक कॉम्प्युटर लावायला नाही. बाबा तिथेच बॉयलरवर आहेत. घरी आल्यावर त्यांनाच जाब विचारला.

"आमी बनवतो, यशू. वाटत नाई," म्हणाले.

२ नोव्हेंबर

वामनराव कल्लुरवारांकडे गेलो. गोल बाजारात त्यांची भांड्यांची ठोक-किरकोळ पेढी आहे. खेड्यापाड्यातले दुकानदार त्यांच्याकडूनच माल नेतात. लटारूभाऊंनी ओळख करून दिली— "ह्या रायपुरे मॅडम, मशीनवाल्या."

"रायपुरे म्हनजे कुठले?"

"सिंदेवाहीकडचे."

"नाई, म्हनजे..."

या 'म्हणजे'च्या पुढची रिकामी जागा मला लहानपणापासून पाठ आहे. मी म्हटलं, "आम्ही बौद्ध." लटारूभाऊंना एकदम खोकला आला. वामनरावांनी माझ्याकडे बघितलं. मग आम्ही नेलेल्या नमुन्याच्या बिलांकडे बघितलं. मग विचारलं, "हे मोड धरते काय?"

मोड म्हणजे जुनं पितळ. गिऱ्हाईक घरची फुटकी-चेपलेली भांडी आणतं, ती तोलून तेवढी रक्कम नव्या भांड्यांतून वजा करायची. मी म्हटलं, धरतं.

धरत नव्हतं. मोड नावाची गोष्ट आहे हे मला तिथेच कळलं. पण माणसाचं लक्ष जातीवरून मोडीवर आलं होतं. ते पुन्हा मागे जाऊ द्यायचं नव्हतं.

१९ नोव्हेंबर

प्रोग्राम मोड धरायला लागला. वामनरावांनीही नागपूरहून मशीन आणवलं.

घरी सांगितलं. आईने खीर केली. बाबा खाता खाता म्हणाले, "बरं हाय. पन मार्चातल्या परीक्षेचा फारम भरला का?" पॉवर स्टेशनच्या ऑफिसात क्लार्क घ्यायचे आहेत. भरला आहे, म्हटलं.

बाबांचा धंद्यावर विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. त्यांचे काका, सोमाजी, यांनी एकदा सिंदेवाहीच्या बाजारात मिरची-हळद मांडली होती. सकाळपासून दिवे लागेपर्यंत एकानेही घेतली नाही. सगळी मिरची घरी परत आली. बाबा तेव्हा लहान होते. ते सांगतात, वर्षभर घरात तिखट विकत आणावं लागलं नाही. हसत सांगतात, पण सांगून झाल्यावर उठून जातात.

८ डिसेंबर

वामनरावांच्या पेढीवर मशीन बंद पडलं. धावत गेले. एका म्हातारीने पाणी भरायचा मोठा पितळी गुंड मोडीत दिला होता आणि बदल्यात फक्त दोन स्टीलचे पेले घेतले होते. दुकानालाच तिला पैसे द्यायचे होते, आणि दुकान कधी गिऱ्हाइकाला देईल हे मी प्रोग्राम लिहिताना गृहीतच धरलं नव्हतं. म्हातारी शांतपणे पायरीवर बसून होती.

"तुमच्या मशीनले घेनं येते, देनं येत नाई," वामनराव म्हणाले. सगळी पेढी हसली. मीही हसले, पण कान गरम झाले.

दुरुस्त केलं.

१५ डिसेंबर

अजून एक. सकाळी अकरापर्यंत हे लोक मशीनला हातच लावत नाहीत. दहा दिवस मी विचारते आहे, कुणी कारण सांगेना. शेवटी लटारूभाऊंनी काढून घेतलं. सकाळी कागद नीट बसला का ते बघायला एक कोरं बिल छापा, असं मीच सांगून ठेवलं होतं. त्यावर एकूण रक्कम शून्य! दिवसाची बोहनी शून्याची! मेले तरी करणार नाहीत. पण मॅडमना वाईट वाटेल म्हणून गप्प.

आता कोऱ्या बिलाऐवजी दुकानाचं नाव छापून येतं. मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत, कारण मराठी या मशीनला येत नाही. वामनरावांनी सकाळी आठला लावलं म्हणे. नाव अजून मोठं होईल का, विचारत होते.

२३ जानेवारी १९८८

बल्लारपूरचं रंगाचं दुकान मिळालं.

६ मार्च

परीक्षा दिली. पेपर सोपा. तीन भागिले बारा करताना मनात दुसरंच चाललं होतं— गडचांदूरच्या हार्डवेअरवाल्याचे खिळे किलोने जातात, बिजागरी नगाने, आणि साखळी फुटाने. एकाच बिलात तीन मापं कशी बसवायची? उत्तर परीक्षेच्या हॉलमध्येच सुचलं. प्रश्नपत्रिकेच्या मागे लिहून घेतलं आणि ती बाहेर आणू देतात का याचीच काळजी लागून राहिली. आणू दिली.

१६ मे

वामनरावांच्या मुलीचं लग्न. आम्हा दोघांनाही पत्रिका होती. जेवण झाल्यावर वामनराव पाहुण्यांची फौज घेऊन पेढीवर आले आणि मला म्हणाले, "मॅडम, जरा चालवून दाखवा." कुणी वरोऱ्याचे साडू, कुणी ब्रह्मपुरीचे व्याही, कुणी भाचजावई. सगळे व्यापारी. मी लग्नाच्या साडीत बसून चार-पाच बिलं काढून दाखवली. वरोऱ्याचे साडू, त्यांचं छत्र्या आणि ताडपत्रीचं दुकान आहे, दोनदा म्हणाले, "आपल्यालेबी पायजे बॉ."

येताना लटारूभाऊ इतके खुशीत होते की मोटारसायकल दोनदा खड्ड्यात घातली.

२ ऑगस्ट

गडचांदूरनंतर कुणी नाही. वरोऱ्याच्या साडूंनी नागपूरहून मशीन आणल्याचं कळलं. ब्रह्मपुरीच्यांनीही. मशीन आणलं म्हणजे प्रोग्रामसाठी आमच्याकडेच येणार. वाट बघते आहे.

२४ ऑगस्ट

आली नाहीत माणसं. लटारूभाऊंना म्हटलं, तुम्हीच जाऊन या.

२७ ऑगस्ट

लटारूभाऊ वरोऱ्याहून आले. खुर्चीवर बसले, टोपी काढली, खिशातून एक बिल काढून माझ्यासमोर ठेवलं. छत्री, नग एक. वर आमच्या ओळखीच्या मोठ्या अक्षरांत— कल्लुरवार भांडी भांडार, गोल बाजार, चंद्रपूर. खाली मोड वजा: शून्य.

"तिथी आपला प्रोग्राम आधीच हाये," ते म्हणाले. "वामनरावानं फ्लॉपी देल्ली साडूले. ब्रह्मपुरीलेबी देल्ली. भाचजावयालेबी."

ब्रह्मपुरीला खत विकलं जातं आहे. युरियाच्या पोत्याच्या बिलावरही भांडी भांडार आणि मोड वजा. मी हसले, आणि हसता हसता मला इतका राग आला की खाली जाऊन सायकलवाल्याकडे पाणी मागून प्यायले.

२८ ऑगस्ट

वामनरावांकडे गेले. भांडायलाच गेले होते. पण ज्याला आपण काही केलंय हेच माहीत नाही त्याच्याशी कसं भांडायचं? त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. म्हणाले, "मी कुठं विकली? घरच्याइले देल्ली. विरजन मांगाले आलं तं आपन देतोच ना. त्यानं आपलं दही कमी होते का?"

म्हटलं, "भाऊ, दही तुमचं नाही. माझं आहे."

ते विचारात पडले. खरोखर पडले. मग म्हणाले, "पन मी तं पैसे देले होते तुमाले."

त्यांच्या दृष्टीने गुंड विकत घेतला की गुंडाचं काय करायचं ते घेणाऱ्याने ठरवायचं. लेकीला द्यावा, व्याह्याला द्यावा. पिढ्यान् पिढ्या भांडी विकणाऱ्या माणसाला मी हे कसं समजावू की भांडं दिलं तर घरातून जातं, हे दिलं तरी घरात राहतं? तेच तर त्यांना आवडलं होतं.

चहा पिऊन परत आले.

५ सप्टेंबर

कुलूप घालते आहे. एका मशीनवर टाकली की दुसऱ्यावर चालणार नाही अशी फ्लॉपी. कसं करायचं ते मला येतं. लटारूभाऊ बघत बसतात. काल म्हणाले, "कराचं तं करा. पन मंग त्याइच्या घरी जेवाले कोन्या तोंडानं जाऊ?"

मी म्हटलं, जेवू नका.

२२ सप्टेंबर

पॉवर स्टेशनच्या परीक्षेचा निकाल. निवड झाली! ऑफिसात कॉम्प्युटर आलेत, मला त्याच विभागात घेणार. मेडिकल होऊन मार्चमध्ये रुजू व्हायचं.

बाबांनी कागद दोनदा वाचला. मग आंघोळ केली, पांढरा सदरा घातला, आणि विहारात जाऊन मेणबत्ती लावून आले. बाबासाहेबांनी इथेच, चांद्याला दीक्षा दिली त्या दिवशी बाबा तिथे होते, पंचविशीचे. त्यांच्या मते तिथून आजच्या कागदापर्यंत एकच सरळ रस्ता आहे. मला तो रस्ता दिसतो. त्यावर मी कुठे उभी आहे ते मात्र कळेना.

आणि क्वार्टर. बाबा मार्चअखेर रिटायर होतात. मी त्याच ठिकाणी लागले तर घर माझ्या नावावर होतं, असं ऑफिसातले सांगतात. नाही लागले तर सोडायचं. आईचे दोन आंबे, कढीपत्ता, मागची विहाराची मंडळी, सगळं इथेच.  आज तिने कढीपत्त्याला पाणी जरा जास्तच घातलं.

३ ऑक्टोबर

मेडिकल झाली. वजन कमी आहे म्हणाले, बाकी ठीक.

११ ऑक्टोबर

वरोऱ्याचे साडू स्वतः आले! एस.टी.ने, कापडी पिशवीत बिलांचा गठ्ठा घेऊन. जिना चढून दम लागला होता. विक्रीकराचे साहेब दुकानात आले आणि त्यांनी विचारलं, चंद्रपूरचं भांडी भांडार वरोऱ्यात छत्र्या काऊन विकून राह्यलं?  त्या दिवसापासून प्रत्येक बिलावर कात्रीने वरचं नाव कापून खाली रबरी शिक्का मारतात. हात दुखतात म्हणाले.

"मॅडम, फकस्त नाव बदलून द्या. आन ते मोडबी काढून टाका. गिऱ्हाइकं जुन्या छत्र्या आनून राह्यले ना वजनावर द्याले."

मी लटारूभाऊंकडे बघितलं, लटारूभाऊ छताकडे बघत होते, कारण माझ्याकडे बघितलं असतं तर दोघंही फुटलो असतो. बदलून दिलं. छत्रीची काडी, दांडा, दुरुस्तीची मजुरी, असे त्यांच्या धंद्याचे रकाने घालून दिले. नाव बदलायचे आणि वर्षभर प्रोग्राम सांभाळायचे असे पैसे सांगितले. घासाघीस न करता दिले. त्यांच्या मते आता त्यांनी प्रथमच काहीतरी विकत घेतलं होतं.

१४ ऑक्टोबर

कुलूप काढून टाकलं.

कुलूप नको हे लटारूभाऊंचं म्हणणं मला आज पटलं. वामनराव आमचे चोर नाहीत, आमचे सगळ्यात मोठे विक्रेते आहेत. तेही त्यांच्या नकळत. लटारूभाऊ गावोगाव सांगायला निघाले— कुणाकडूनही घेतली असेल, कशीही आली असेल, लाजू नका, या. तुमच्या नावाची करून देऊ.

२० डिसेंबर

लिहायला वेळ नाही. ब्रह्मपुरीचं खत झालं. राजुऱ्याचं कापड, नागभीडची भातगिरणी. एकाकडे तर फ्लॉपी कुणाच्या हातून आली तेच त्याला सांगता येईना. पण बिलावर वामनराव आहेतच. आता त्यांच्याच सोयऱ्यांच्या सोयऱ्यांपर्यंत पोचलो आहोत. बँकेचा हप्ता आणि खोलीचं भाडं सहज निघतं. लटारूभाऊंना मी नाव बदलायला शिकवलं. दोन बोटांनी टाइप करतात, जीभ दातात धरून.

पण मार्च जवळ येतो आहे आणि याबद्दल आम्ही दोघं बोलत नाही.

१२ फेब्रुवारी १९८९

सिंदेवाहीला जायचं होतं. रविवार, बाबांना सुट्टी. म्हणाले, चाल, मीबी येतो, वच्छलाआत्याले भेटून येईन. आत्याकडे जेवून आम्ही बाजारात, ज्यांचा प्रोग्राम करून द्यायचा होता त्या भैयाजींच्या दुकानावर गेलो. कापड आणि किराणा, जुनं दुकान, पुढे तीन पायऱ्या. वर पांढरी गादी. मशीन गादीवरच ठेवलेलं, त्याशिवाय जागाच नव्हती. भैयाजी बाजूला सरकले, "या मॅडम, बसा," म्हणाले. मी वर गेले आणि कामाला लागले.

नंतर लक्षात आलं, बाबा नाहीत. खाली पायऱ्यांच्या खाली उभे होते, उन्हात, पिशवी धरून. भैयाजींनी दोनदा बोलावलं, "वर या ना भाऊ." बाबा म्हणाले, "इथीच बरं हाय." मला वाटलं, माझं झालं की लगेच निघायचं म्हणून थांबलेत. अर्धा-पाऊण तास लागला. तेवढा वेळ ते तिथेच उभे, आणि मला बघत.

बस मूल गावाशी आली. बाबांनी विचारलं, "सगळीकडेच तुले वर बसवते?"

"मशीन वर असतं, बाबा. मग मी कुठे बसू?"

"ते खरं हाय," म्हणाले. पुढे खिडकीबाहेर बघत, "याच्या बापाच्या वक्ती सामान वरून टाकत होते. आमी धोतर पसरून झेलाचो. कधी झेललं नाई तं सांडे."

 त्यांचा हात धरून बसले. चंद्रपूर येईपर्यंत धरूनच होते.

२६ फेब्रुवारी

सोमवार, २० मार्चला हजर व्हायचं, असं कळलं.

५ मार्च

ठरवलं. नोकरी घेते.

याच्यात रडण्यासारखं काही नाही. पगार दर महिन्याला येईल, आई आपल्या आंब्याखाली राहील, बाबांना या वयात बिऱ्हाड हलवावं लागणार नाही. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही. बाबांनी तर सिंदेवाहीनंतर नोकरीचा विषयही काढला नाही. मीच सांगितलं त्यांना, रुजू होते म्हणून. त्यांनी मान हलवली. आनंद झाला असेल असं वाटलं होतं. तसा दिसला नाही.

९ मार्च

लटारूभाऊंना सांगितलं. ते फ्लॉप्या पुसून डब्यात ठेवत होते. ठेवत राहिले. मग म्हणाले, "जा बाई. घराचं पाहाच लागते. मी नावं बदलून देत जाईन." थोड्या वेळाने, "पन नवा मानूस नवा धंदा घेऊन आला तं? दूध इकणारा आला तं? मले तं फकस्त नाव बदलता येते."

सुट्टीच्या दिवशी येत जाईन, म्हटलं. दोघांनाही माहीत होतं की हे बोलायचं म्हणून बोलले. रडू आलं. त्यांच्यासमोरच आलं, काय करणार. ते खाली जाऊन चहा सांगून आले.

१५ मार्च

वामनरावांना भेटले. नोकरी लागली म्हणून पेढा दिला. खाल्ला, आणि म्हणाले, "सरकारी म्हनजे चांगलंच. पन माझ्या मशीनचं?"

आईने माझ्या दोन साड्या इस्त्रीला दिल्या आहेत. मी काही विचारलं की ती स्वयंपाकघरात जाते. बाबा दोन दिवस ड्यूटीनंतर उशिरा येताहेत. कुठे जातात विचारलं तर, "काम होतं."

१७ मार्च, शुक्रवार

बाबांनी क्वार्टर सोडलं. सही करून आले. जटपुरा गेटमागे दोन खोल्या बघून ठेवल्या आहेत, आमच्या कंपनीच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर. आई आधीच बघून आली होती. दोघांनी मिळून मला पत्ता लागू दिला नाही.

मी म्हटलं, "बाबा, सोमवारी मी रुजू होणार होते. क्वार्टर माझ्या नावावर झालं असतं. त्याच्यासाठीच तर जात होते मी."

बाबा बूट काढत होते. म्हणाले, "म्हनूनच तं सोमवारच्या आत सोडलं."